घरचे लाडू, पाकिटावरची एक ओळ आणि फूड लायसन्स

शेजारच्या वहिनी हळिवाच्या लाडवांचं पाकीट घेऊन माझ्या सेवाकेंद्रात आल्या. ‘एफएसएसएआय काढून दे.’ म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं फूड लायसन्स. पाकिटावर छापलेला गुलाबी स्टिकर होता: ‘शुद्ध घरगुती. गुडघेदुखी, मधुमेह, केसगळतीवर रामबाण.’ म्हटलं, वहिनी, लाडवाचं काढायचंय की औषधाचं? त्या चिडल्या. ‘सासूबाई आयुष्यभर हेच खात आल्या. सरकारला काय करायचंय त्याचं?’

प्रश्न चुकीचा नाही. घरात तुम्ही काय खाता, बाळंतिणीला काय देता, यात 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा पडतच नाही. तो दुसऱ्याला द्यायला लागल्यावर सुरू होतो. त्यातली ‘अन्न व्यवसाय’ ही व्याख्या मात्र फार मोठी आहे. नफा असो वा नसो, तो व्यवसायच. त्यामुळे ‘मी फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्यांना देते, खर्चापुरतेच पैसे घेते’ हे उत्तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासमोर टिकत नाही.

साध्या खाद्यपदार्थासाठी: नोंदणी

लाडू, चिवडा, लोणची, पापड, भाजणी असं घरून करणाऱ्यांना परवाना नाही, नोंदणी लागते. 2011 च्या मूळ नियमावलीत त्यासाठी वर्षाला 12 लाखांपर्यंतची उलाढाल आणि दिवसाला 100 किलोपर्यंतचं उत्पादन ही मर्यादा होती, आणि फी वर्षाला 100 रुपये. मर्यादा आणि फी सरकार बदलू शकतं, म्हणून भरताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा, माझा नाही.

अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर, नमुना ‘अ’. जवळ ठेवा: फोटो, आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, आणि पदार्थ जिथे बनतो त्या जागेचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर लाइट बिल किंवा भाडेकरार. स्वच्छतेचं स्वयंघोषणापत्र अर्जासोबतच असतं. लोक ते न वाचता टिक करतात. त्यात पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, आजारी माणसाने पदार्थ न हाताळणं असं सगळं आहे, आणि तपासणीला आलेला माणूस तेच बघतो.

अर्ज गेल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असा नियम आहे. तपासणी ठरली तर 30 दिवस. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोट्या उत्पादकाला काम सुरू करता येतं. ही तरतूद फारशी कुणाला माहीत नसते आणि एजंट ती सांगणारही नाहीत. ‘साहेबांना भेटून देतो’ म्हणून 100 रुपयांच्या कामाचे अडीच हजार घेतलेले मी पाहिलेत. महाराष्ट्रात हे अर्ज राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जातात. पोचपावतीवरचा क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघता येते.

स्टिकरची गोष्ट

खरी गाडी इथे अडते. तोच लाडू ‘हळीव, गूळ, खोबरं, तूप’ असं लिहून विकला तर तो मिठाईवजा खाद्यपदार्थ. ‘रोज एक, लोह वाढवणारा सप्लिमेंट’ म्हणून विकला तर तो 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या पूरक आहाराच्या नियमांकडे सरकतो, आणि ‘मधुमेहावर रामबाण’ म्हटलं की अन्न राहतच नाही. आजार बरा करण्याचा दावा अन्नाला करता येत नाही. मधुमेहावरच्या उपचाराची जाहिरात तर 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा औषधालाही करू देत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर 1940 च्या औषध कायद्याखाली वेगळा उत्पादन परवाना. तो स्वयंपाकघरातून मिळत नाही.

पूरक आहार, म्हणजे प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या वगैरे, बनवायला नोंदणी चालत नाही. परवानाच लागतो, अर्ज नमुना ‘ब’ आणि कागदांची थप्पी: जागेचा नकाशा, यंत्रांची यादी क्षमतेसह, जागेच्या ताब्याचा पुरावा, पाण्याचा तपासणी अहवाल, अन्न सुरक्षेची योजना, प्रत्येक घटकाचं प्रमाण दाखवणारं सूत्र. जीवनसत्त्वं-खनिजं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ठरवलेल्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त घालता येत नाहीत. लेबलवर ते पूरक आहे आणि औषधी वापरासाठी नाही, हे लिहावं लागतं. जिममधले काही दादा मोठ्या डब्यातून चमच्याने झिपच्या पिशव्या भरून विकतात. रीपॅकिंग हाही व्यवसायच, त्यालाही स्वतःचा परवाना लागतो.

आयुर्वेद आहार नावाचा आणखी एक वर्ग 2022 च्याच नियमांनी आलाय. त्यात वरून व्हिटॅमिन घालायला मनाई आहे. लाडवासाठी त्या वाटेला जाऊ नका, उगाच कागद वाढतील.

हे जाचक वाटतं का? कधीकधी वाटतं. मिठाचंच बघा. आयोडीन नसलेलं साधं मीठ खाण्यासाठी म्हणून विकायला बंदी आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भेसळ कायद्याखालचा तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, पण सहा महिने चालू ठेवला, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याच्या नियमांत ती बंदी आली. ताटातल्या मिठाची निवड कुणी करायची, यावर मतं असू शकतात, माझंही आहे. पण गोळीच्या डब्यात काय आहे हे चव घेऊन कळत नाही. तिथे तरी मला कागद हवा.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: पाकिटावरच्या 14 अंकी क्रमांकाचा पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. प्रोटीनच्या डब्यावर बनवणाऱ्याचा म्हणून 2 ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर डबा परत ठेवा. आणि संशय आला तर कलम 40 प्रमाणे तुम्ही स्वतः फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे देऊ शकता. नमुना नियमात बसला नाही तर फी परत मिळते.

वहिनींचा अर्ज त्याच दुपारी भरला. उरलेले तीनशे स्टिकर मात्र त्यांनी फाडले नाहीत, खालची ओळ तेवढी कात्रीने कापत बसल्या.