पाठीमागचं दिसत नाही, ऐकू येतं

आमच्या शाळेचं बास्केटबॉल ग्राउंड म्हणजे मुरमाची जागा, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले दोन पोल आणि एका अंगाला कपाशीचं वावर. तिथं रोज संध्याकाळी पोरींची प्रॅक्टिस असते अन् रोज मी एकच ओरडत असतो, "बोलत काऊन नाही वं?"

परवाचंच सांगतो. नववीतली एक पोरगी डिफेन्स करत बाजूला सरकत चालली होती, नजर सगळी बॉलवर, अन् समोरच्या टीममधली एक जण तिच्या वाटेत खांबासारखी येऊन उभी राहिली. याला स्क्रीन म्हणतात, नियमात बसतं. आमची पोरगी धाडकन आदळली आणि खालीच बसली. तिची पार्टनर दोन पावलांवर होती, तिला सगळं दिसत होतं, पण तोंडातून शब्द नाही. विचारलं तर म्हणते, "सर, मले वाटलं तिले दिसून राहिलं."

नाही दिसत ना! दोन्ही डोळे मिळून आपल्याला समोरचं साधारण अर्धं वर्तुळ दिसतं, आणि त्यातही एकदम स्पष्ट म्हणजे फक्त मधले २ अंश, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढं. वरून लक्ष एका जागी गुंतलं की डोळ्यासमोरचंही सुटतं. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवून बास्केटबॉलचे पास मोजायला लावले, मधून गोरिलाचा ड्रेस घातलेलं माणूस आरामात चालत गेलं, छाती बडवली, तरी जवळपास अर्ध्या लोकांना ते दिसलंच नाही. मग बॉलवर नजर लावून धावणाऱ्या पोरीला बाजूची स्क्रीन कशी दिसणार?

कानाचं तसं नाही, तो चहूबाजूंनी उघडा असतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात किंचित उशिरा, हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. साध्या चाचण्यांमध्ये माणूस दिव्यापेक्षा आवाजाला लवकर हलतो, उजेडाला साधारण ०.२ सेकंद लागत असतील तर आवाजाला ०.१५ च्या आसपास. आणि २८ मीटरचं अख्खं कोर्ट पार करायला आवाजाला ०.०८ सेकंद पुरतात.

आपल्या खो-खोत हे आधीपासून आहेच की. पाटीवर बसलेल्याची खो देणाऱ्याकडं पाठ असते, मागून हात लागतो आणि "खो" ऐकू आला की तो उठतो, मान वळवून पाहत बसत नाही.

पण नुसता आरडाओरडा कामाचा नाही. शब्द छोटा पाहिजे, "स्क्रीन डावी", "हेल्प" (मदतीला ये), "स्विच" (आपापली समोरची खेळाडू बदला), आणि टक्कर व्हायच्या आधी पाहिजे, आदळल्यावर सांगून काय उपयोग. मोकळ्या ग्राउंडवर भिंती नसतात, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, म्हणून पोटातून काढावा लागतो. शक्य तिथं आधी नाव घ्यायचं. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञानं लोकांना एका कानातल्या बोलण्यावरच लक्ष द्यायला लावलं आणि दुसऱ्या कानात मधेच त्यांचं नाव घातलं, तर साधारण तिघांतल्या एकाच्या ते ध्यानात आलं. दुसरं काही सांगितलं तर तेवढंही फारसं कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

आमच्या पोरींचा खरा अडथळा वेगळाच आहे. घरी लहानपणापासून "हळू बोल" ऐकलेलं, मग ग्राउंडवर एकदम आवाज निघणार कुठून, म्हणून आता पहिली दहा मिनिटं बॉल नाहीच, फक्त एकमेकींना नावानं हाका. काल त्याच पार्टनरनं स्क्रीन येताना पाहिली आणि असं काही मोठ्यानं नाव घेतलं की आमची पोरगी तर वळून निसटलीच, पण तिकडं वावरात कापूस वेचणारी त्याच नावाची एक बाई ओटी सांभाळत उभी राहिली अन् म्हणाली, "काय वं?"