मेमरी वाटपात ॲटॉमिक क्रिया महाग कुठे पडते?

काउंटरमध्ये एक मिळवायचा तर प्रोसेसर आकडा वाचतो, वाढवतो आणि परत लिहितो. प्रोसेसरमधल्या दोन कोअरनी (स्वतंत्र गणन-भागांनी) एकाच वेळी ४१ वाचला तर दोघेही ४२ लिहितात आणि एक वाढ हरवते. मेमरी वाटपात हाच घोळ मोकळ्या तुकड्यांच्या यादीत झाला, तर एकच तुकडा दोघांच्या हाती पडतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लगेच कोसळला तर बरंच म्हणायचं; बहुतेकदा तो बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी कोसळतो.

म्हणून ॲटॉमिक, म्हणजे मध्ये कुणालाही शिरू न देता एकसंध पूर्ण होणाऱ्या, सूचना. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर त्यासाठी साध्या सूचनेच्या आधी ‘लॉक’ हा एक बाइटचा प्रीफिक्स लागतो. डेटा त्याच कोअरच्या एल१ कॅशेत (कोअरजवळच्या सर्वात जलद छोट्या मेमरीत) असेल तर अलीकडच्या प्रोसेसरवर अशी सूचना साधारण २० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) घेते, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला ६–७ नॅनोसेकंद. बेरीज स्वतः एका सायकलची असते. बाकीचा वेळ जातो तो स्टोअर बफरमध्ये (लेखनं कॅशेत जाण्याआधी थांबतात त्या रांगेत) अडकलेली आधीची लेखनं पूर्ण होण्यात; तोवर पुढच्या वाचनांनाही थांबावं लागतं.

पण ही झाली चांगली स्थिती. कॅशेतला डेटा एक्स८६ वर ६४ बाइटच्या लाइनने हलतो आणि लिहिण्याआधी ती लाइन एकट्या आपल्याकडे असावी लागते. दुसऱ्या कोअरने नुकतीच ती बदलली असेल तर ती तिथून मागवावी लागते. एकाच चिपवर याला काही दशक नॅनोसेकंद इतका वेळ जातो, वेगळ्या सॉकेटवरून (दुसऱ्या प्रोसेसर चिपवरून) तो शंभराच्या पुढे सहज जातो. सोळा कोअर एकाच काउंटरवर तुटून पडले की ती लाइन नुसती फिरत राहते आणि कोअर वाढवूनही काम वाढत नाही. ‘ॲटॉमिक महाग असतं’ असं सरसकट म्हणतात, पण खरी किंमत सूचनेची कमी आणि वाटून घेतलेल्या लाइनची जास्त असते.

वाटपात हे चटकन जाणवतं, कारण ६४ बाइटचा तुकडा देण्याचा जलद मार्गच मुळात मोजक्या सूचनांचा असतो. त्यात लॉकवाली एक जरी घातली तरी फरक दिसतो. लिनक्सच्या स्लब वाटपकाने (कर्नलमध्ये छोटे तुकडे देणाऱ्या भागाने) दीर्घकाळ वापरलेली युक्ती इथे बघण्यासारखी आहे. प्रत्येक कोअरला स्वतःची मोकळी यादी आणि तिच्यासोबत एक क्रमांक असतो. तुकडा देताना आधी क्रमांक आणि यादीचं टोक वाचायचं, मग त्या मोकळ्या तुकड्यातच ठेवलेला पुढचा पॉइंटर (पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता) वाचायचा. शेवटी एकाच १६ बाइटच्या ‘तुलना करून बदल’ सूचनेने टोक आणि क्रमांक दोन्ही बदलायचे, तेही ते अजून तसेच असतील तरच. या सूचनेला लॉक प्रीफिक्स नसतो! दुसरा कोअर या यादीला हात लावत नाही. धोका फक्त मध्येच आलेल्या इंटरप्टचा (चालू काम थांबवणाऱ्या व्यत्ययाचा) किंवा काम दुसऱ्या कोअरवर हलवलं जाण्याचा, आणि एक सूचना अर्ध्यावर तुटत नाही. टोक फिरून पूर्वीचंच झालं तरी क्रमांक पुढे गेलेला असतो, त्यामुळे फसगत होत नाही.

बिघडतं ते परत करताना. एका कोअरवर घेतलेला तुकडा दुसऱ्यावर सोडला की तो बहुधा आपल्या यादीतल्या स्लॅबचा (एकाच मापाच्या तुकड्यांच्या मोठ्या ठोकळ्याचा) नसतो. मग त्या स्लॅबच्या सामायिक यादीवर खरी, लॉकवाली क्रिया करावी लागते आणि लाइनही ओढून आणावी लागते. नेटवर्क पॅकेट एका कोअरवर घ्यायचं आणि दुसऱ्यावर संपवायचं, अशी रचना या मार्गावर हमखास पडते.

पूर्ण पानांसाठी (मेमरीच्या ठरावीक मापाच्या मोठ्या तुकड्यांसाठी) उपाय वेगळा आहे: प्रत्येक कोअरजवळ पानांचा छोटा साठा ठेवायचा आणि तो संपला की झोनचं (मेमरीच्या मोठ्या विभागाचं) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, एकदाच घेऊन गठ्ठ्याने भरायचा. लॉकची किंमत मग गठ्ठ्यातल्या सगळ्या पानांवर विभागली जाते. गठ्ठा फार मोठा केला तर लॉक जास्त वेळ धरलं जातं आणि बरीच मेमरी कोअरपाशी नुसती पडून राहते.

दोन चुका वारंवार सापडतात. वेगवेगळ्या कोअरचे काउंटर एकाच ६४ बाइटमध्ये शेजारी ठेवले, तर डेटा वेगळा असूनही लाइन सामायिकच राहते. प्रत्येकाला स्वतंत्र लाइनवर बसवावं. दुसरी चूक, ॲटॉमिक चल दोन लाइनच्या सीमेवर येणं. तेव्हा एक्स८६ ला बसच (कोअर आणि मेमरीमधला सामायिक मार्गच) अडवावी लागते, एका क्रियेला हजारभर सायकल जातात आणि इतर कोअरही खोळंबतात. लिनक्स ५.७ पासून, प्रोसेसरची साथ असल्यास, कर्नल याचा इशारा देतो.

मोजमाप करताना एका थ्रेडचं लूप चालवून निष्कर्ष काढू नये, कारण त्यात लाइन जागची हलतच नाही. थ्रेड ठरावीक कोअरना बांधावेत, एकाने तुकडे घ्यावेत, दुसऱ्याने सोडावेत, आणि दोन्ही कोअर एकदा एकाच सॉकेटवर, एकदा वेगळ्या सॉकेटवर ठेवून पाहावेत. कोणती लाइन कुणाकुणात फिरते आहे हे लिनक्सचं ‘पर्फ सी२सी’ हे साधन दाखवतं. त्यात ‘हिटएम’चा (दुसऱ्या कोअरने बदललेली लाइन मागवावी लागल्याचा) आकडा मोठा असलेल्या ओळी आधी तपासाव्यात.