पदवीनंतर अमेरिकेत नर्सिंग: प्रवेशाचा अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी आधीच घेतलेल्या व्यक्तीला नर्स होण्यासाठी पुन्हा चार वर्षे शिकावे लागत नाही. त्यांच्यासाठी दोन प्रकारचे अभ्यासक्रम आहेत. अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स पदवी) साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतो. डायरेक्ट एंट्री मास्टर्सला दोन ते तीन वर्षे लागतात आणि शेवटी पदव्युत्तर पदवी मिळते. दोन्हींनंतर एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा देता येते. भारतात बी.एस्सी., बी.फार्म., बी.कॉम. किंवा अभियांत्रिकी करून आलेले, आणि त्यातही जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या बऱ्याच मराठी स्त्रिया, या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करतात. त्यांचे नाकारलेले अर्ज पाहिले की वाईट वाटते, कारण गुण कमी पडलेले अर्ज त्यात थोडे असतात. बाकीचे एखादा कागद वेळेत न पोहोचल्याने किंवा एखादी अट घाईत वाचल्याने छाननीतच गळालेले असतात.

मूळ पात्रता थोडक्यात अशी: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, ठरलेले पूर्वविषय (प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय), आणि बहुतेक ठिकाणी ४ पैकी किमान ३.० जीपीए (श्रेणींची सरासरी). अभ्यासक्रमाला त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि सीसीएनई किंवा एसीईएन यांपैकी एका संस्थेची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे भारतातील विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सर्व वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा अधिकृत उतारा). आपल्याकडे वर्षावर्षाच्या गुणपत्रिका असतात, पदवी प्रमाणपत्र असते, पण ट्रान्सक्रिप्ट बहुतेकांकडे नसते, कारण मागितल्याशिवाय आणि वेगळे शुल्क भरल्याशिवाय विद्यापीठ ती देत नाही. अमेरिकेतील कॉलेज या ट्रान्सक्रिप्टचे मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून आणायला सांगते. संस्था निवडताना ती एनएसीईएस या संघटनेची सदस्य आहे का आणि आपल्या कॉलेजच्या यादीत तिचे नाव आहे का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. मूल्यांकन विषयवार घ्यावे. केवळ पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्त अहवाल नर्सिंगसाठी निरुपयोगी ठरतो, कारण त्यात विषय, श्रेयांक आणि श्रेणी दिसत नाहीत. पैसे वाचवायला तो घेणाऱ्यांना नंतर दुसऱ्यांदा शुल्क भरावे लागते.

ट्रान्सक्रिप्ट संलग्न कॉलेजच्या लेटरहेडवर चालत नाही. ती विद्यापीठाने दिलेली किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने साक्षांकित केलेली हवी. ती पाकिटात बंद होते, पाकिटाच्या जोडावर शिक्का आणि सही येते, आणि ते पाकीट न उघडता मूल्यांकन संस्थेकडे पोहोचावे लागते. इथे घरचेच लोक प्रेमापोटी घोळ करतात. आत सगळे बरोबर आहे ना, हे पाहायला भाऊ किंवा वडील पाकीट उघडतात, पुन्हा नीट चिकटवतात आणि कुरिअर करतात. असे पाकीट बाद होते. भारतात कोणाला हे काम सांगणार असाल, तर ही एक गोष्ट त्यांना आधी सांगा. आत काय आहे ते पाहायचे असेल, तर त्याच अर्जात दुसरी प्रत स्वतःसाठी मागवून घ्यावी.

ट्रान्सक्रिप्टला किती दिवस लागतील, हे कोणीही ठामपणे सांगत नाही, आणि याचा खरोखर संताप येतो. ऑनलाइन अर्ज भरला, पैसे गेले, पावती आली, आणि त्यानंतर आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. परीक्षांचे किंवा निकालांचे दिवस असतील तर काम आणखी लांबते. म्हणून प्रवेशाचा विचार पक्का झाला की पहिला अर्ज ट्रान्सक्रिप्टचा करावा. कॉलेज निवडणे, निबंध लिहिणे, परीक्षेची तयारी करणे, हे सगळे ती येईपर्यंत करता येते.

तीन वर्षांच्या भारतीय पदवीबद्दल फार गैरसमज आहेत. काही मूल्यांकन संस्था अशी पदवी अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही ती तीन वर्षांचे शिक्षण म्हणूनच नोंदवतात. डब्ल्यूईएस हे ठरवताना मिळालेला वर्ग आणि विद्यापीठाचे नॅक मानांकन यांचा विचार करते. मैत्रिणीची पदवी बरोबरीची ठरली म्हणजे आपलीही ठरेलच असे नाही. एम.एस्सी. किंवा बी.एड. झाले असेल तर त्याचीही ट्रान्सक्रिप्ट त्याच वेळी पाठवावी, कारण तीन वर्षांच्या पदवीला त्याने बळ मिळते. गुणांच्या टक्क्यांवरून स्वतःच जीपीए काढून निराश होऊ नये. भारतातील प्रथम वर्गाचे गुण मूल्यांकनात बहुधा वरच्या श्रेणीत धरले जातात, आणि ५८ टक्के म्हणजे अमेरिकेतले ५८ टक्के असा सरळ हिशेब तिथे होत नाही.

नावाचा प्रश्न मराठी स्त्रियांना विशेष छळतो. गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि काही विद्यापीठांत शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर मधले नाव पतीचे आणि आडनाव सासरचे. काहींचे लग्नात पहिले नावही बदललेले असते. ही तिन्ही-चारही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे अमेरिकेतील छाननी करणाऱ्याला आपोआप कळण्याचे काही कारण नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्राने आडनावाचा दुवा जोडता येतो. पहिले नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद जवळ ठेवावी. अर्जात ‘पूर्वीचे नाव’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नये. प्रवेश परीक्षेची नोंदणी मात्र पासपोर्टवर किंवा वाहन परवान्यावर जसे छापले आहे त्याच अक्षरांत करावी, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातूनच परत पाठवले जाते.

आता पूर्वविषय. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी दोन भागांत, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, बहुतेक ठिकाणी मानवी विकासाचे मानसशास्त्र आणि पोषणशास्त्र, अशी ही यादी साधारणपणे असते. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेल्यांना वाटते की निदान तो विषय तरी सुटला. तसे नेहमी होत नाही. एक म्हणजे बरीच कॉलेजे विज्ञानाचे विषय गेल्या पाच किंवा सात वर्षांत केलेले मागतात, आणि लग्न, मुले, परदेशवास यात ती मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. दुसरे म्हणजे विषयाबरोबर प्रयोगशाळा हवी असते, आणि जुन्या वार्षिक पद्धतीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्या पेपरांचे मिळून एकाच ओळीत येतात, त्यामुळे कोणत्या विषयाला किती प्रयोग होते हे दिसतच नाही. विद्यापीठाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम साक्षांकित करून जोडल्यास काही कॉलेजे मान्य करतात. प्राणिशास्त्रातील फिजिऑलॉजी ही मानवी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या जागी सहसा चालत नाही.

त्यामुळे बहुतेकांना हे विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नव्याने करावे लागतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेतील ताजी श्रेणी हाच छाननी करणाऱ्यांना सर्वांत सोपा पुरावा असतो. मात्र हे विषय एका सत्रात उरकत नाहीत, कारण ते साखळीने येतात: अनेक ठिकाणी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र झाल्याशिवाय अ‍ॅनाटॉमीचा पहिला भाग घेता येत नाही, आणि पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. त्यात प्रयोगशाळेच्या जागा मोजक्या, आणि नव्या विद्यार्थ्याची नोंदणी सर्वांत शेवटी उघडते. एखाद्या विषयात सी-मायनस मिळाला तर तो उत्तीर्ण असूनही पूर्वविषय म्हणून चालत नाही. विषय मध्येच सोडला तर डब्ल्यू ही नोंद कायम राहते. आणि कोणत्याही कॉलेजात एकच विषय केला असेल, अगदी सोडून दिला असेल, तरी त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट अर्जात द्यावी लागते. ते कॉलेज लपवले गेले असे वाटले तर चांगला अर्जही संपतो.

बरीच कॉलेजे नर्सिंगकॅस या सामाईक ऑनलाइन यंत्रणेतून अर्ज घेतात. तिथे शेवटच्या तारखेचा घोटाळा सर्वांत जास्त होतो. ‘डेडलाइन’ हा शब्द एकच दिसला तरी काही कॉलेजांना त्या दिवशी अर्ज फक्त पाठवलेला चालतो, काहींना त्या दिवसापर्यंत शुल्क, ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रे सगळी पोहोचलेली हवीत, आणि काहींना त्याच तारखेपर्यंत संपूर्ण अर्जाची पडताळणी पूर्ण झालेली हवी असते. पडताळणी पाठवण्याच्या क्षणी होत नाही. शेवटचा कागद आल्यानंतर अर्ज रांगेत लागतो आणि गर्दीच्या दिवसांत ती रांग लांब असते. तिसऱ्या प्रकारच्या कॉलेजसाठी शेवटच्या रात्री बटण दाबणे म्हणजे अर्ज न केल्यासारखेच आहे. तारखेची वेळही पूर्व किनाऱ्यावरची रात्री ११:५९ अशी असते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला ती संध्याकाळी ८:५९ लाच संपते. हे सगळे त्यांच्या पानावर लिहिलेले असते, पण इतक्या कोपऱ्यात की शोधणाऱ्यालाच सापडावे, आणि एवढे शुल्क घेणाऱ्यांनी ते ठळक छापायला हरकत नव्हती.

टीज किंवा हेसी ही प्रवेश परीक्षा, काही ठिकाणी कॅस्पर ही प्रसंगांवर आधारित ऑनलाइन चाचणी, आणि निबंध यांची तयारी नेहमीसारखीच करायची असते. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा लागत असेल तर तिचे गुण दोनच वर्षे चालतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली म्हणून सवलत मिळेल असे गृहीत धरू नये; ते कॉलेजला लेखी विचारावे. शिफारसपत्र लिहिणाऱ्याला ई-मेलने दुवा जातो आणि तो बऱ्याचदा नको असलेल्या मेलच्या ढिगात पडतो, म्हणून आठवड्याने नम्रपणे चौकशी करावी. भारतातील जुन्या प्राध्यापकांपेक्षा अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांचे पत्र अधिक उपयोगी पडते.

प्रवेश मिळाल्यावर आरोग्याची कागदपत्रे मागतात आणि मुदत थोडी देतात. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आपल्यापैकी फारच थोड्यांकडे असते. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांसाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करून घेतली तर कार्ड लागत नाही. हेपटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, म्हणून ती लस अर्ज करतानाच सुरू करावी. बीसीजी घेतलेल्यांची क्षयाची त्वचेवरची चाचणी काही वेळा उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे, डॉक्टरांचे पत्र, प्रश्नावली असा फेरा सुरू होतो. पहिल्यापासूनच रक्तावरची क्वांटिफेरॉन चाचणी मागावी. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे) प्रमाणपत्र बहुधा अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस या वर्गाचेच लागते, आणि प्रत्यक्ष सराव नसलेला निव्वळ ऑनलाइन वर्ग चालत नाही.

एच-४ वर पूर्णवेळ शिकण्यास मुभा आहे, पण शिकण्याची मुभा आणि नोकरीचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी आणि एनक्लेक्स दोन्ही पार पडले तरी नोकरीसाठी ईएडी (काम करण्याची सरकारी परवानगी) लागते, आणि ती एच-४ वर साधारणपणे जोडीदाराची आय-१४० (कंपनीने ग्रीनकार्डसाठी केलेली याचिका) मंजूर झाल्यावरच मिळू शकते. सरकारी शैक्षणिक कर्ज या व्हिसावर मिळत नाही. खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सहकर्जदार मागतात. ईएडी नसल्यास सोशल सिक्युरिटी हा सरकारी ओळख क्रमांकही नसतो, आणि प्रात्यक्षिकासाठी जाव्या लागणाऱ्या काही रुग्णालयांची पार्श्वभूमी तपासणी व काही राज्यांचा परवाना अर्ज तोच क्रमांक मागतो. कॅलिफोर्नियाचे बोर्ड त्याऐवजी आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक घेते, सगळी राज्ये घेत नाहीत. तेव्हा अनामत रक्कम भरण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाला ‘सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवाय चालेल का’ हा एकच प्रश्न ई-मेलने विचारावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे, कारण फोनवर मिळालेला होकार पुढे कोणी मानत नाही.