दातांची संवेदनशीलता आणि तिचे उपचार

थंड पाणी, आंबट-गोड पदार्थ, गार वारा किंवा ब्रश लागला की दातातून क्षणभर तीव्र सणक जाते आणि ते दूर होताच थांबते. कीड, तडा, निसटलेले सिमेंट असे दुसरे कारण तपासणीत सापडले नाही, तरच या तक्रारीला दातांची संवेदनशीलता म्हणतात.

इनॅमल म्हणजे दाताचे बाहेरचे कडक आवरण. त्याच्या आत असलेल्या डेंटिन या थरामध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. डेंटिन उघडे पडले की या नलिकांची तोंडे मोकळी होतात. आतला द्रव हलला की दाताच्या गाभ्याजवळचे मज्जातंतू चेतवले जातात, हे स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी मांडले. थंडाव्याने द्रव बाहेरच्या दिशेने सरकतो आणि मज्जातंतू त्या हालचालीला अधिक दाद देतात. म्हणून गरम चहापेक्षा बर्फाचे पाणी जास्त झोंबते.

बहुतेकदा सुळे आणि उपदाढा हिरडीलगत दुखतात. जोर लावून आडवा ब्रश फिरवणे, खाली सरकलेली हिरडी, आंबट पेये, आम्लपित्त ही नेहमीची कारणे. महाराष्ट्रात यात मिश्रीची भर पडते. दात दुखू नयेत म्हणून अनेक जणी भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना घासतात. त्या घासण्याने दात झिजतात, शिवाय तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच.

तपासताना दंतवैद्य शेजारचे दात बोटांनी झाकून संशयित दातावर सिरिंजने हवेचा छोटा झोत सोडतात. थंड काढून घेतल्यावरही ठणका राहिला किंवा रात्री झोपमोड झाली, तर दाताच्या गाभ्याला सूज असण्याची शक्यता असते. चावून दात उघडताना कळ आली तर तडा शोधावा लागतो. ही पारख सोडून थेट पेस्ट लिहून देणे म्हणजे कीड वाढू देणे.

उपचारांची सुरुवात सवयीपासून व्हावी: मऊ ब्रश, हलका हात, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नाही. पेस्टमधले ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट मज्जातंतू शांत करते. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन-कॅल्शियम कार्बोनेट नलिकांची तोंडे बुजवतात. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत पेस्ट बदलणाऱ्यांना फरक जाणवत नाही, तो याचमुळे. तेवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात फ्लोराइड वार्निश किंवा ग्लुटराल्डिहाइडयुक्त द्रव लावतात. खोल खाच ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिट या दात भरण्याच्या साहित्याने भरतात. रूट कॅनाल हा अगदी शेवटचा मार्ग.

स्केलिंगनंतरही, म्हणजे दंतवैद्याने दातांवरचे किटण काढल्यावरही, काही दिवस दात शिवशिवतात. त्यावरून ‘दात साफ केले की खिळखिळे होतात’ असा समज पक्का होतो. खरे तर किटणाखाली झाकलेले मूळ उघडे पडलेले असते आणि त्रास बहुधा आपोआप ओसरतो. हे दंतवैद्याने स्केलिंगआधीच सांगायला हवे. नंतर सांगितले तर ती सारवासारव वाटते आणि रुग्ण पुढच्या वेळी येत नाही.