आजारपणातील परस्परसाह्य (मराठवाडा)

घरातले माणूस मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळले किंवा दवाखान्यात दाखल झाले, की भावकी, सोयरे, शेजारी आणि गावकरी त्या कुटुंबाची कामे वाटून घेतात. ही रीत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आहे. तिला लिखित नियम नाहीत, पण हिशेब पक्का असतो. कोण भेटून गेले आणि कोण फिरकलेच नाही, हे आहेरासारखेच वर्षानुवर्षे लक्षात ठेवले जाते.

खेड्यातल्या माणसाला मोठा दवाखाना लांब पडतो. छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड, लातूर. कर्करोग निघाला तर बार्शी किंवा मुंबईचे टाटा. तिथे पेशंटजवळ रात्रंदिवस एक माणूस लागते आणि औषधे, रिपोर्ट, रक्ताची बाटली यांसाठी पळायला दुसरे. घरची दोन कर्ती माणसे अशी गुंतली, की मागे उरतात म्हातारी, लेकरे, दावणीची जनावरे आणि उभे पीक. म्हणून गावाकडून फोन आला की पहिली विचारपूस असते, ‘जवळ कोण हाय?’ पैशाचे नंतर बघतात. धार काढणे, लेकरांना जेवू घालणे, म्हातारीच्या गोळ्या देणे ही कामे शेजारणी न सांगता उचलतात. सोयाबीन काढणीला आले असेल किंवा कापूस वेचायचा राहिला असेल, तर वारंगुळ्याने, म्हणजे आळीपाळीच्या मदतीने, काम उरकतात. पूर्वी इर्जिक घालून सारे गाव बैल-औतांनिशी एका दिवसात रान नांगरून देई. आता बैल कमी झाले. ट्रॅक्टरवाला फार तर डिझेलपुरते पैसे घेतो.

डबा हा या साह्याचा सर्वांत ठळक भाग. शहरात नातेवाईक असला तर त्याच्या घरून दोन वेळचे येते. नसला तर ज्वारीच्या भाकरी, धपाटे, लसणाची चटणी आणि पेशंटसाठी वेगळी आळणी खिचडी किंवा कण्या असा डबा फडक्यात बांधून सकाळच्या एसटीच्या वाहकाजवळ नाहीतर काळीपिवळीवाल्याजवळ देतात. झाकणावरच्या चिकटपट्टीवर पेशंटचे नाव आणि वॉर्ड लिहिलेला असतो. स्टँडवर कोणीतरी तो उतरवून घेते. रिकामा डबा त्याच गाडीने परत जातो.

भेटायला जाणाऱ्याने मोकळ्या हाताने जायचे नसते. मोसंबी (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे), शहाळे, बिस्किटांचा पुडा, आणि निघताना उशीखाली सरकवलेली शंभर-दोनशेची नोट. मुस्लिम कुटुंबांत आजाऱ्याची भेट, म्हणजे इयादत, हे पुण्याचे काम मानतात, आणि मोहल्ल्याबाहेरचे शेजारीही त्यात असतात. या भेटींचा जाच होतो हेही खरे. खाटेभोवती दहाजण उभे राहून त्याच रोगाने कोण कोण गेले याची यादी सांगतात, तेव्हा सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढले तर तिचे चुकत नाही. २०२०–२१ च्या कोरोनाकाळात ही भेट पहिल्यांदाच बंद पडली. माणूस आत आणि नातलग गेटबाहेर, हे लोकांना रोगाइतकेच जड गेले.

पैसा आधी उसनवारीने उभा राहतो, मग बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून, त्यानंतर सोने गहाण पडते, आणि शेवटी सावकाराचा शेकड्याचा दर. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. तिचे दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांपर्यंत वाढवले गेले. त्यामुळे गावात मदतीचा एक नवा प्रकार रुळला: कागदं करून देणारा. रेशनकार्ड, आधार, आरोग्यमित्राशी (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी) बोलणे आणि ‘यादीत हे ऑपरेशन बसतं का’ हे विचारून घेणे, एवढे ज्याला जमते त्या पोराला अर्ध्या रात्री उठवतात.

ऊसतोड मजुरांचे वेगळे आहे. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात. फडात आजारी पडलेल्याचा खाडा धरला जातो आणि उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, पैसे कापले जातात. तिथे गाव म्हणजे टोळीच. शेजारच्या कोपीतली (झोपडीतली) बाई लेकरे सांभाळते आणि बाकीचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, त्याच्या वाट्याची मोळी बांधतात, तेही मुकादमाने चालू दिले तर.

ही मदत बव्हंशी जातीच्या आणि भावकीच्या वाटेनेच वाहते. एकटी बाई, बांधावरून भांडण झालेले घर, बाहेरून येऊन राहिलेला मजूर यांच्या दाराशी ती उशिरा पोचते. पहिल्या आठवड्यात डब्यांची रांग लागते; डायलिसिस किंवा अर्धांगवायू महिनोन् महिने चालला, की सारा भार बायकोवर किंवा सुनेवर येतो. क्षयरोग आणि एचआयव्हीला तर शेजार मुळातच बिचकतो. एचआयव्हीबाधित मुलांसाठी हासेगावचे (ता. औसा) ‘सेवालय’ आणि बीडजवळ पालीचे ‘इन्फंट इंडिया’ अशा स्वतंत्र संस्था उभ्या कराव्या लागल्या.