अप्रिय नायक व प्रभावी प्रतिनायक (अद्भुतरम्य कादंबरीतील)

काही अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायक वाचकाच्या मनातून उतरतो आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला खलपुरुष मात्र आपल्या बुद्धीने, निर्धाराने वा दुःखाने वाचकाला धरून ठेवतो. अशा रचनेचा विचार येथे केला आहे. नायक दुष्टच असावा लागतो असे नाही. तो भित्रा, हावरट किंवा नुसता आत्ममग्न असला तरी पुरते. प्रतिनायकाला हेतू असतो आणि नायकाच्या पदरी दैवाने टाकलेले यश असते, ही या रचनेची ठळक खूण होय.

हा प्रकार इंग्रजी कादंबरीने अलीकडे घडवला, असे सामान्यतः मानले जाते. प्राकृत व कन्नड काव्यांचा पुरावा पाहता हे मत अपुरे वाटते. संस्कृत नाट्यशास्त्रातच त्याला जागा आहे. धनंजयाच्या दशरूपकात (दहावे शतक) प्रतिनायक लोभी, धीरोद्धत (धीट पण गर्विष्ठ), ताठर, पापी व व्यसनी सांगितला आहे. यांपैकी धीरोद्धत हा नायकाच्या चार प्रकारांतलाही एक आहे. म्हणजे दोष मोजतानाही शास्त्रकाराने त्याला नायकाच्या पंक्तीत बसवले. भासाच्या नावावर असलेल्या ऊरुभंगात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन हाच करुणेचा विषय आहे; भासाच्या नावावरची ही व इतर नाटके त्याचीच काय, हा वाद मात्र १९१२ मध्ये ती प्रकाशात आल्यापासून चालू आहे.

या रचनेची सर्वांत पक्की चौकट जैन पुराणांत आढळते, आणि तिच्या अभ्यासात सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने येथूनच यतिवृषभाचा तिलोयपण्णत्ती हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली दोन भागांत (१९४३, १९५१) प्रसिद्ध केला. त्यात त्रेसष्ट शलाकापुरुषांची, म्हणजे जैन परंपरेने गणलेल्या महापुरुषांची, माहिती येते : २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव. प्रत्येक वासुदेवाला (रामकथेत लक्ष्मण) एक प्रतिवासुदेव, म्हणजे प्रतिस्पर्धी (रामकथेत रावण), ठरलेला असतो. तो तीन खंडांचा अधिपती असतो. शेवटच्या युद्धात तो आपले चक्र फेकतो, ते वासुदेवाला प्रदक्षिणा घालून त्याच्याच हाती येते, आणि त्याच चक्राने प्रतिवासुदेवाचा वध होतो. पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. वध करणारा वासुदेवही नरकात जातो. रामकथेत बलदेव असलेला राम मोक्षाला जातो. रावणाला मारणारा लक्ष्मण मात्र रावणाप्रमाणेच नरकवासी होतो. रावण पुढे तीर्थंकर होणार, असेही या परंपरेत सांगितले आहे.

शलाकापुरुषांची संख्या सर्वत्र एकच नाही. समवायांग या जैन आगमग्रंथात ५४ उत्तम पुरुषांचा निर्देश आहे आणि शीलांकाच्या चउप्पन्नमहापुरिसचरियाचे (इ. स. ८६८) नावच या संख्येवरून पडले आहे, ९ प्रतिवासुदेव या गणनेत धरलेले नाहीत. जिनसेन व गुणभद्र यांच्या महापुराणात (नववे शतक) संख्या ६३ आहे. खलपुरुषांना महापुरुषांच्या यादीत घेण्याची प्रथा मागाहून रुळली, की दोन्ही गणना आरंभापासून शेजारी शेजारी होत्या, याचा निर्णय यतिवृषभाच्या काळावर अवलंबून आहे. तो काळ उपाध्ये यांनी पाचवे ते सातवे शतक या टप्प्यात धरला. तो मान्य केल्यास दुसरा पर्याय अधिक संभवनीय ठरतो.

उपलब्ध जैन रामकथांत सर्वांत जुनी मानली जाणारी कृती म्हणजे विमलसूरीचे पउमचरिय. ग्रंथातच ते महावीरनिर्वाणानंतर ५३० वर्षांनी रचल्याचे म्हटले आहे. हे शब्दशः घेतल्यास काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी येतो. ग्रंथाचे संपादक याकोबी (१९१४) यांनी भाषेचे स्वरूप आणि दीनार व लग्न यांसारखे ग्रीक संपर्कातून आलेले शब्द यांवरून तो तिसऱ्या शतकाच्या आधी नेता येत नाही, असे मत मांडले. काही अभ्यासकांनी ५३० हा आकडा विक्रम संवताचा असावा असे सुचवले, त्यानुसार इ. स. ४७३ हे वर्ष मिळते. संवताची अदलाबदल गृहीत धरावी लागत असली, तरी भाषेशी हा काळ बरा जुळतो.

विमलसूरीचा रावण दहा तोंडांचा राक्षस नाही. बालपणी त्याच्या गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत आईला त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. नको म्हणणाऱ्या स्त्रीला हात लावायचा नाही, असे त्याचे व्रत आहे, आणि सीतेच्या बाबतीतही तो ते मोडत नाही. युद्धाच्या अखेरीस, रामाचे नाव घेताच मूर्च्छित पडणारी सीता पाहून त्याला पश्चात्ताप होतो. पण आत्ताच तिला परत केले तर लोक भित्रा म्हणतील. आधी राम-लक्ष्मणांना रणात पकडू, मग सन्मानाने परत देऊ, असे तो ठरवतो. त्याच्या नाशाला दुष्टपणाहून ही प्रतिष्ठेची ओढ अधिक कारण होते. नागचंद्राने (सुमारे ११००) कन्नड रामचंद्रचरितपुराणात हाच धागा वाढवून रावणाला शोकनायक केले. 

या नोंदीच्या दृष्टीने कन्नड कवी रन्नाचे गदायुद्ध हे काव्य आणखी महत्त्वाचे आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सत्याश्रय (कारकीर्द ९९७–१००८) हा कवीचा आश्रयदाता, आणि काव्यात भीम म्हणजेच सत्याश्रय. साहजिकच सगळी स्तुती भीमाच्या वाट्याला येते. काव्य मात्र दुर्योधनाचे होऊन बसते. तो रणभूमीवरून प्रेते ओलांडत चालतो, द्रोण, दुःशासन, कर्ण यांच्या देहांपाशी शोक करतो, आणि अभिमन्यूपाशी थांबून शत्रूच्या त्या मुलासारखे मरण आपल्याला यावे असे मागतो. पुढे सरोवरात लपला असता भीमाची गर्जना ऐकून पाण्यातही त्याला घाम फुटतो. आश्रयदात्याला नायक केल्यावर त्याच्या शत्रूला एवढी उंची देणे हे धाडसच म्हणावे लागेल. आजच्या सोलापूर जिल्ह्याचा प्रदेश तेव्हा याच चालुक्य राज्यात होता. 

सोलापूर जिल्ह्यातील वैष्णव परंपरेत वेगळा रावण भेटतो. सांगोल्याजवळील नाझऱ्याचे श्रीधर यांच्या रामविजयात (१७०३) तो विरोधभक्तीने, म्हणजे वैरातूनच देवाचा ध्यास घेऊन, मुक्ती मिळवणारा आहे. त्याचे वैर भक्तीतच विरते, म्हणून प्रतिनायक या नात्याने तो मागे पडतो. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषकांच्या परंपरेला तिसरा रावण परिचित असावा : भूकैलास (१९५८) व सीताराम कल्याणम् (१९६१) या चित्रपटांत एन. टी. रामाराव यांनी साकारलेला.

आधुनिक इंग्रजी कादंबरीत ई. आर. एडिसन यांची द वर्म ऑरोबोरोस (१९२२) लवकरची म्हणून महत्त्वाची. तिच्यातील विजयी वीरांना शत्रू संपल्यावर जगणे इतके बेचव होते, की शत्रूंना पुन्हा जिवंत करण्याची याचना ते करतात. जॅक व्हान्स यांचा क्यूगेल (१९६६) हा फुशारकी मारणारा भामटा. स्टीव्हन डोनाल्डसन यांच्या टॉमस कोव्हेनंटचे (१९७७) उदाहरण सर्वाधिक दिले जाते. तो कुष्ठरोगी आहे, अद्भुत भूमीत येताच बलात्कार करतो आणि त्या भूमीच्या खरेपणावर विश्वास ठेवायला नकार देतो. डोनाल्डसन यांचे बालपण भारतात गेले. त्यांचे वडील येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे मिशनरी डॉक्टर होते. त्या मालिकेतील खलपुरुष मात्र बराचसा अमूर्त आहे. तुलनेने जो ॲबरक्रॉम्बी यांचा ग्लोक्टा (२००६) अधिक जमला आहे : स्वतः छळ सोसून पंगू झालेला आणि आता इतरांचा छळ करणारा अधिकारी.

मराठीत हलबे यांच्या मुक्तामाला (१८६१) पासून अद्भुतरम्य कादंबरी लिहिली गेली, पण तिचे नायक सद्गुणी आणि खलपुरुष निव्वळ कपटी राहिले. पुढच्या मराठी लेखकांनी दुसरी वाट धरली : हरलेल्या पक्षातील माणसालाच नायक करायचे. शिवाजी सावंत यांच्या मृत्युंजय (१९६७) या अद्भुतरम्य नसलेल्या कादंबरीत कर्ण, कुंती, वृषाली, शोण व कृष्ण यांच्याबरोबर दुर्योधनही स्वतः बोलतो. भीम किंवा अर्जुन यांना निवेदकाची जागा दिलेली नाही. या वाटेने कर्ण उजळतो, पण रन्नाने साधलेला ताण, म्हणजे भीमाला नायक ठेवूनही दुर्योधनाला मोठे करण्याचा, तेथे उद्भवत नाही.