महाभेक

महाभेक (जायंट टोड) हा फँटसी रोल-प्लेइंग खेळांमधला, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन कल्पित जगात वावरतात अशा खेळांमधला, अवाढव्य उभयचर राक्षस आहे. या खेळांचा पाया घालणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांपासून महाभेक दलदलीत दबा धरून बसलेला आहे. त्याला ना बोलता येते, ना खजिन्याची हाव असते. तो निव्वळ भुकेलेला प्राणी आहे आणि तसाच खेळवला तर अंगावर येतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला सरासरी ३९ हिट पॉइंट (किती मार सोसतो) आणि ११ आर्मर क्लास (त्याला मारणे किती अवघड) आहे. एका पाळीत तो जमिनीवर २० फूट सरकतो, पाण्यात मात्र ४०. धाव न घेता २० फूट लांब किंवा १० फूट उंच उडी मारतो. चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती कठीण ते सांगणारा आकडा, अवघे १, आणि नवखे डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारे) नेमके याच आकड्याला फसतात. एका चाव्यात सरासरी ७ आणि विषाचे ५ पॉइंट जातात. पहिल्या लेव्हलच्या बहुतेक पात्रांकडे एवढेच असतात, किंवा त्याहून कमी.

खरी दहशत गिळण्याची. चावा बसला की पात्र जबड्यात अडकते. सुटायला वीस बाजूंच्या फाशावर, कौशल्याचे गुण धरून, किमान १३ यावे लागतात. पुढचा चावा लागला की माणसाएवढे पात्र सरळ पोटात. आत काही दिसत नाही, हातपाय जखडलेले, बाहेरच्या मित्राचे मंत्र पोहोचत नाहीत, आणि भेकाची पाळी आली की दर वेळी सहा बाजूंच्या तीन फाशांवर पडेल तेवढे आम्ल भाजून काढते. पोटात एका वेळी एकच मावतो. भेक मेला की आतला पाच फूट सरपटून बाहेर येतो, तोही आडवा पडलेला. इथे डीएमने घाई करू नये. गिळलेल्याने “आत काय दिसतंय?” विचारले की “काहीच नाही. ऐकू काय येतंय ते सांगतो,” म्हणावे आणि बाहेरची लढाई फक्त आवाजांतून सांगावी.

खऱ्या भेकाशी मात्र खेळाने फारकत घेतली आहे. भेकाला दात नसतात. त्याचे विष चाव्यात नसून कातडीत, विशेषतः डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत असते. म्हणून विषाचे नुकसान चाव्यातून काढून त्याला हात घालणाऱ्याच्या वाट्याला द्यावे. त्याने लढत जास्त रंगते. बेडूक गिळताना डोळे आत ओढून घास घशाखाली ढकलतात. ‘त्याचे डोळे कपाळात बुडाले’ एवढे एक वाक्य टेबलावरच्या सगळ्यांना गप्प करायला पुरते. आकाराला निसर्गात आधार कमी. आजचा सर्वांत मोठा बेडूक, कॅमेरून आणि इक्वेटोरियल गिनीमधला गोलायथ, जेमतेम तीन किलोचा भरतो.

उभयचरांच्या कातडीतून पाणी आरपार जाते, त्यामुळे बहुतेकांना खारे पाणी सोसत नाही. नियमांत ही उणीव कुठेच नाही, पण ठाणे-नवी मुंबईत खेळ मांडणाऱ्याला यासारखे हत्यार नाही. ठाण्याच्या तलावांचे पाणी गोडे, खाडीचे खारे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी उपवन तलावात महाभेक बसवला तर खाडी ही त्याची लक्ष्मणरेषा ठरते. मोसमही आयता मिळतो: जूनच्या पहिल्या पावसात भारतीय बैलबेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि निळे स्वरकोश फुगवून ओरडू लागतात. त्या कल्लोळात एक आवाज फार खालच्या पट्टीतला असावा.

नवी मुंबईतले होल्डिंग पाँड तर त्याच्यासाठीच खोदल्यासारखे आहेत. सखल भागातल्या वसाहती भरतीत बुडू नयेत म्हणून सिडकोने हे तलाव राखले. भरतीला खाडीकडची झडपेची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला दारे उघडून वाहून जाते. भरती-ओहोटी अशी साधारण सहा-सहा तासांनी पालटते, म्हणजे लढतीला घड्याळ मिळते. डीएम “भरती लागली, दारं मिटली” म्हणाला की तलाव पावसाच्या पाण्याने भरत जातो, भेकाचा वेग दुप्पट होतो आणि पात्रे कमरेएवढ्या पाण्यात चाचपडू लागतात. ओहोटी लागली की तो चिखलात उघडा पडतो आणि उड्यांवर येतो. एखाद्या हुशार खेळाडूने भर भरतीत झडप फोडून खारे पाणी आत घेतले, तर फासे न टाकता त्याला यश द्यावे.

महाभेकाचा धाकटा भाऊ महाबेडूक (जायंट फ्रॉग) १८ हिट पॉइंटचा असून फक्त लहान आकाराच्या पात्रांना गिळतो. थोरला भाऊ, फ्रॉगहेमॉथ नावाचा बेडकासारखा राक्षस, १९८० मध्ये आला. त्याला सोंडेसारखे चार बाहू आहेत आणि विजेचा धक्का बसला की तो मंदावतो. महाभेक आणि महाबेडूक यांची पाचव्या आवृत्तीतली नियमावली जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे. श्रेय देऊन ती कोणालाही मराठीत आणता येते, बदलता येते आणि छापून विकताही येते.